पंचतारांकित भीड

गेल्या हिवाळ्यांत नांदेड येथें मीं एक खोटी साक्ष दिली. ती कोर्टांत दिलेली नव्हती, तिच्यावर शपथ नव्हती, आणि तिच्याबद्दल मला मिळालेला मोबदला अवघा ८२ रुपयांचा होता. तरी ती खोटी होती, आणि खोटी आहे हें मला ती देतांनाच ठाऊक होतें. हकीकत अशी. आम्ही सहकुटुंब सचखंड गुरुद्वाऱ्याच्या दर्शनास गेलों होतों. दुपारीं लंगरांत जेवलों. रात्रीं मुलांच्या आग्रहास्तव शहरांतील एका नव्या हॉटेलांत गेलों. वरण आंबलेलें होतें, पोळ्या वातड होत्या, आणि पाण्याच्या पेल्यांना वास येत होता. बिल देण्यासाठीं गल्ल्यापाशीं गेलों, तेव्हां तेथील तरुणानें मोठ्या अदबीनें एक पुठ्ठा पुढें केला. त्यावर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन होता. "सर, एवढें स्कॅन करून पांच स्टार द्या, बिलांत दहा टक्के सूट आहे," असें तो म्हणाला. तो पाहत उभा होता. मीं मोबाईल उघडून पांचही तारे उमटविले, आणि खालीं 'उत्तम जेवण, आपुलकीची सेवा' असे शब्दहि लिहिले. जिना उतरतांना पत्नी एवढेंच म्हणाली, "वरण आंबलें होतें ना?"

मी महाविद्यालयांत वाङ्मयीन टीका शिकवितों. मैत्रीखातर केलेली स्तुति ही टीका नव्हे, आणि प्रकाशकाच्या पैशावर लिहिलेला अभिप्राय ही जाहिरात होय, हें पंचवीस वर्षें फळ्यासमोर उभा राहून मी सांगत आलों आहें. तोच मी ८२ रुपयांसाठीं विकला गेलों. खरें म्हणजे ८२ रुपयांसाठींहि नव्हे. समोरच्या तरुणाला 'नाहीं' म्हणवेना, एवढेंच त्याचें कारण. पंधरा दिवसांनीं परभणीचे एक जुने विद्यार्थी भेटले. ते म्हणाले, "सर, तुमचें नांव पाहिलें आणि डोळे मिटून त्या हॉटेलांत गेलों. आईला दोन दिवस त्रास झाला." त्यांच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. चूक माझी असेल अशी शंकाच त्यांच्या मनाला शिवली नव्हती, आणि म्हणूनच मला तें अधिक लागलें.

प्रस्तुत लेखाचा विषय तें हॉटेल नव्हे. विषय आहे माझी भीड, आणि माझ्यासारख्या हजारों सुशिक्षितांच्या भिडेवर उभा राहिलेला नवा व्यापार. भीड ही भिकेची बहीण, असें आपले वाडवडील म्हणत. भीड धरणारा स्वतः भिकेस लागतो, असा त्यांचा अनुभव होता. आजच्या व्यापारानें त्यांत भर घातली आहे ती अशी, कीं भीड एकजण धरतो आणि भिकेस दुसराच लागतो. मीं भीड धरली, आणि आजारी पडली परभणीची एक वृद्ध स्त्री.

या व्यापाराचें शास्त्र मला पुढें लातूर येथें सविस्तर ऐकावयास मिळालें. हॉटेल, लॉज, मेस आणि विद्यार्थ्यांचीं वसतिगृहें चालविणाऱ्या मंडळींसाठीं एक व्याख्यान होतें. एका ओळखीच्या गृहस्थांबरोबर मीहि जाऊन बसलों. वक्ते वाक्पटु होते. त्यांच्या उपदेशाचा सारांश असा : दुकान उघडण्यापूर्वींच नातलग, मित्र व नोकर यांच्याकडून पहिले पन्नास अभिप्राय लिहवून घ्यावे, ज्या गिऱ्हाइकाचा चेहरा प्रसन्न दिसेल त्याच्यापुढेंच तो चौकोन धरावा, आणि ज्याच्या कपाळावर आठी दिसेल त्याला मुकाट्यानें जाऊं द्यावें, ताऱ्यांवर सूट, निदान एक गुलाबजाम तरी, ठेवावा, इन्स्टाग्रामवर ज्याच्यामागें दहापांच हजार लोक असतील त्याला फुकट जेवूं घालून रील काढवून घ्यावी, आणि एवढें करूनहि कोणी एकच तारा दिला, तर हा प्रतिस्पर्ध्याचा माणूस आहे असें लिहून मोकळें व्हावें. श्रोते वह्यांत टिपून घेत होते. शेवटीं एका वयस्क खाणावळवाल्यानें भीत भीत विचारलें, "जेवण चांगलें करण्याबद्दल आपण कांहींच सांगितलें नाहीं." सभेंत हशा पिकला, वक्तेहि हसले, आणि तो विषय तेथेंच संपला.

त्या हशाला उत्तर देण्यासाठीं हा लेख आहे. परंतु प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मी या साधनाचा वैरी नाहीं. पूर्वीं परगांवीं गेलेल्या माणसाला जेवणाखाण्याची चौकशी टांगेवाल्यापाशीं किंवा पानवाल्यापाशीं करावी लागे, आणि तो ज्या लॉजचें नांव घेई त्या लॉजकडे त्याचें कमिशन बांधलेलें असे. मोठ्या हॉटेलाला वर्तमानपत्रांत जाहिरात देतां येई. पण लातुरांत गंजगोलाईच्या मागल्या गल्लींत ज्वारीची भाकरी आणि ठेचा वाढणाऱ्या एकट्या बाईला पाटी रंगविण्याचीहि ऐपत नसे. आज तिच्या हातची भाकरी खाऊन गेलेला एखादा मुलगा चार ओळी लिहितो, आणि सोलापूरचा प्रवासी तिचें घर शोधीत येतो. ही लहान गोष्ट नव्हे. हार्वर्ड येथील मायकेल लुका यांनीं अमेरिकेंतील सिॲटल शहराच्या उपाहारगृहांचा अभ्यास करून २०११ सालीं असें दाखविलें कीं, 'येल्प' या संकेतस्थळावर एक तारा वाढला तर उपाहारगृहाचें उत्पन्न शेंकडा ५ ते ९ वाढतें. आणि हा लाभ एकट्या, स्वतंत्र उपाहारगृहांना होतो, गांवोगांव शाखा असलेल्या बड्या साखळ्यांना नव्हे. याचें कारण उघड आहे. बड्यांचें नांव लोकांस आधींच ठाऊक असतें. लहानाला साक्षीदाराची गरज असते. तात्पर्य, तारा हें गरिबाचें माप आहे.

आणि म्हणूनच या मापांत पाप शिरलें तर पहिला बळी त्या गरिबाचाच जातो. ज्या गल्लींत दहा जणांनीं तारे विकत घेतले, तेथें न घेणाऱ्या अकराव्याचे खरे साडेतीन तारे त्याच्या नालायकीचा पुरावा ठरतात. भाकरी तीच, हात तेच; पण शेजाऱ्यांनीं मापें फुगविलीं म्हणून हिचें माप खोटें दिसूं लागतें. मग तीहि एके दिवशीं पुठ्ठा छापून आणते. तिला दोष कोणत्या तोंडानें द्यावा?

कोणी म्हणेल, सगळेच असें करतात, तेव्हां अखेर सर्व सारखेंच होतें. पण 'सगळेच करतात' याचा शेवट कोठें होतो तें लंडन शहरानें २०१७ सालीं पाहिलें आहे. ऊबा बटलर नांवाचा एक तरुण लेखक पूर्वीं दहा-दहा पौंड घेऊन, ज्या उपाहारगृहांत पाऊलहि टाकलें नाहीं त्यांची स्तुति लिहीत असे. त्यानें आपल्या बागेंतील एका खोपटाची 'ट्रिपॲडव्हायझर'वर 'द शेड ॲट डलिच' या नांवानें उपाहारगृह म्हणून नोंद केली. तेथें चूल नव्हती, आचारी नव्हता, एकहि पान वाढलें जात नव्हतें. पक्वान्नांचीं म्हणून जीं छायाचित्रें दिलीं होतीं, त्यांत दाढीच्या फेसासारखे पदार्थ सजविलेले होते. ओळखीपाळखीच्यांनीं अभिप्राय लिहिले, टेबल मिळविण्यासाठीं लोक फोन करूं लागले, आणि कांहीं महिन्यांतच तें खोपट लंडनमधील १८,००० हून अधिक उपाहारगृहांच्या यादींत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलें. लोकांनीं ही गोष्ट विनोद म्हणून वाचली. मला ती विनोदी वाटत नाहीं. त्या यादींत दुसऱ्या क्रमांकावर कोणीतरी खरा आचारी होता, आणि तो पहांटे उठून खरी भाजी निवडीत होता.

याहून गंभीर पुरावा डिना मेझलिन व त्यांचे दोन सहकारी यांच्या संशोधनांत आहे. तें २०१४ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांनीं दोन संकेतस्थळांची तुलना केली. एकावर कोणालाहि अभिप्राय लिहितां येई. दुसऱ्यावर त्याच संकेतस्थळामार्फत खोली घेऊन राहिलेल्या पाहुण्यालाच लिहितां येई. त्यांना असें आढळलें कीं, जेथें कोणालाहि लिहितां येतें तेथें एकट्या मालकाच्या लहान हॉटेलांच्या वांट्यास स्तुति प्रमाणाबाहेर येते, आणि त्यांच्या शेजारच्या हॉटेलांच्या वांट्यास निंदाहि प्रमाणाबाहेर येते. लुका यांचें संशोधन आणि हें संशोधन शेजारीं ठेवून वाचावें. ज्याला खऱ्या साक्षीचा लाभ अधिक, त्यालाच खोट्या साक्षीचा मोहहि अधिक. ज्या फांदीवर लहान दुकानदार बसला आहे, तीच तो तोडीत आहे.

दुसरा आक्षेप असा कीं, गिऱ्हाईक शहाणें असतें. तारे फुगविलेले असतात हें तें जाणतें आणि त्यांतून वजावट करून घेतें. हें तुम्हांआम्हांस कदाचित् लागू असेल. पण लातुरांत तारे पाहतो कोण? दहावीचा निकाल लागला कीं या शहरांत जी रीघ लागते ती ज्यांनीं पाहिली आहे त्यांना हें सांगावयास नको. लातूर पॅटर्नच्या कीर्तीनें ओढले गेलेले आईबाप अहमदपूर, कंधार, देगलूर, मुखेड येथून, आणि आतां तर महाराष्ट्राच्या दूरदूरच्या जिल्ह्यांतून, सोळा वर्षांच्या मुलामुलींना घेऊन येतात. शिकवणीची फी भरून झाल्यावर एका दिवसांत त्यांना खोली आणि मेस ठरवावयाची असते. गांवांत ओळख नसते, परत जाण्याची एस्. टी. सायंकाळची असते. अशा वेळीं बाप मुलाच्या हातांतील मोबाईलकडे पाहून विचारतो, "याला किती स्टार आहेत रे?" तो वजावट करीत नाहीं. त्याच्यापाशीं दुसरें माप नसतें.

माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची मुलगी अशाच एका वसतिगृहांत राहिली. नांव सांगण्याचें कारण नाहीं. तेथील पाण्याची टांकी महिनोन्महिने धुतली जात नसे, आणि भाजींत दोनदां अळी निघाली होती. मुलगी सरळ, तिनें तेवढेंच लिहिलें आणि दोन तारे दिले. दुसऱ्या दिवशीं तिला कचेरींत बोलावून सांगण्यांत आलें कीं, एक तर लिहिलेलें काढून टाक, नाहीं तर गादी उचल. आणि मध्येंच गेलीस तर अनामत परत मिळणार नाहीं. परीक्षा तीन महिन्यांवर आली होती. तिनें लिहिलेलें काढून टाकलें. इतकेंच नव्हे, तर 'घरच्यासारखें वातावरण' असें लिहून पांच तारे दिले. पुढल्या जूनमध्यें तेथें दुसऱ्या कोणाचा बाप उभा राहिला असेल, आणि त्या पांचांतील एक तारा पाहून त्यानें अनामत भरली असेल. २०१६ च्या एप्रिलांत ज्या शहराला मिरजेहून रेल्वेनें पाणी आणावें लागलें, त्या शहरांत पाण्याविषयीं खरें बोलण्याचा हक्क एका मुलीला तीन महिन्यांच्या निवाऱ्यासाठीं विकावा लागावा, ही गोष्ट मला आंबलेल्या वरणाइतकी क्षुल्लक वाटत नाहीं.

येथें हॉटेलवाल्यांची बाजूहि मांडणें न्यायाचें होईल, कारण या बाजारांत चोर एकाच बाजूला नाहींत. 'बिलांत कांहीं कमी करा, नाहीं तर एक तारा देईन,' अशी धमकी देणारीं गिऱ्हाइकें मीं स्वतः ऐकलीं आहेत. आणि तीं अडाणी नव्हतीं. चार मित्रांसह येऊन, 'आम्ही तुमची रील काढूं,' एवढ्या भांडवलावर भरपेट जेवून जाणारे तरुण नांदेडांत आहेत आणि लातुरांतहि आहेत. ज्यानें आयुष्याची पुंजी घालून दहा टेबलांचें दुकान उघडलें, त्याला असा एकच तारा रात्रभर झोंपूं देत नाहीं. तो पुढें पुठ्ठा घेऊन उभा राहतो, त्यांत लोभापेक्षां भीतीचा वांटा मोठा असतो, हें मी मान्य करतों. पण भीतीवर लांच हा उतारा नव्हे. लांच देऊन मिळविलेले पांच तारे ज्याला पुरले नाहींत, त्याला उद्यां सहाव्या ताऱ्याची भीति वाटूं लागेल.

कायदा आहे. ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अंमलांत आला, आणि त्याखालीं स्थापन झालेल्या केंद्रीय प्राधिकरणाला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत, व पुन्हां तसें केल्यास ५० लाखांपर्यंत, दंड करतां येतो. ९ जून २०२२ च्या मार्गदर्शक नियमांप्रमाणें, एखाद्या मालाची भलावण करणाऱ्याचा मालकाशीं कांहीं देण्याघेण्याचा संबंध असेल तर तो त्यानें उघड सांगितला पाहिजे. अर्थात् फुकट जेवून रील काढणाऱ्यानें आपण फुकट जेवलों हें सांगितलें पाहिजे. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत भारतीय मानक ब्यूरोनें खास ऑनलाईन अभिप्रायांसाठीं 'आयएस १९०००' हें मानक प्रसिद्ध केलें. परंतु तें ऐच्छिक ठेवलें. अमेरिकेंत ऑक्टोबर २०२४ पासून, स्तुति करण्याच्या अटीवर बक्षीस देणें आणि धमकी देऊन प्रतिकूल अभिप्राय मागें घ्यावयास लावणें, या दोन्ही गोष्टी नियमानें निषिद्ध झाल्या आहेत. माझी ८२ रुपयांची सूट आणि त्या मुलीची अनामत हीं जणुं डोळ्यांपुढें ठेवूनच तो नियम लिहिला असावा! पण कोणताहि निरीक्षक प्रत्येक गल्ल्यापाशीं उभा राहूं शकत नाहीं. आणि भिडेला तर कोणत्याच कायद्यांत कलम नाहीं.

त्या दिवशीं दुपारीं लंगरांत आम्ही पंगतीला बसलों होतों. शेजारीं पंजाबहून सचखंड एक्सप्रेसनें आलेलें एक कुटुंब होतें, पलीकडे नांदेडचाच एक हमाल होता. सर्वांना तीच डाळ आणि त्याच रोट्या. गुरु गोविंदसिंहांनीं १७०८ सालीं जेथें देह ठेविला त्या स्थानीं हें अन्न येईल त्याला वाढलें जातें, आणि वाढणारा 'कसें होतें तें लिहा' असें म्हणत नाहीं. हें मी सांगूं लागलों कीं व्यापारी मित्र लगेच हटकतात : लंगर हा धर्म आहे, हॉटेल हा धंदा आहे, आम्हांला भाडें, पगार आणि कर भरावयाचे असतात. त्यांचें म्हणणें रास्त आहे. अतिथीला देव मानावें असें तैत्तिरीयोपनिषद सांगतें. पण देवाला बिल देतां येत नाहीं, आणि बिल घेतल्यावांचून हॉटेल चालत नाहीं. धंदेवाल्यानें धर्माचा कित्ता गिरवावा असें माझें म्हणणें नाहीं. त्यानें धंद्याचाच कित्ता गिरवावा. किराणा दुकानदार तागडीखालीं मेण लावतो तेव्हां आपण त्याला 'जाहिरातकुशल' म्हणत नाहीं; लबाड म्हणतों. तारा ही तागडी आहे. तिच्यांत वजन मालाचें पडावें, मालकाच्या बोटाचें नव्हे.

मासिकाच्या वाचकांना ही गोष्ट नवी वाटूं नये. मराठी मासिकांत 'पोंच व अभिप्राय' हें सदर फार जुनें आहे, आणि त्यांत शिरलेलें पापहि जुनें आहे. मित्राच्या काव्यसंग्रहाला मित्रानें 'युगप्रवर्तक' म्हणावें आणि पुढल्या महिन्यांत त्यानें याच्या कादंबरीला 'अपूर्व' म्हणावें, हा व्यवहार मोबाईल जन्माला येण्यापूर्वींचा आहे. त्याचें फळ काय झालें? वाचकाचा स्तुतीवरील विश्वास उडाला, आणि खरोखर चांगलें पुस्तक आलें तेव्हां त्याला चांगलें म्हणावयास शब्दच उरला नाहीं. आपण साहित्यांत जें केलें तेंच आतां वरणभातांत करीत आहों. भेद एवढाच कीं, वाईट कवितेनें कोणाच्या पोटांत दुखत नाहीं.

मग हॉटेलवाल्यानें मोबाईल टाकून द्यावा काय? मुळींच नाहीं. त्यानें आपल्या पदार्थांचीं खरीं छायाचित्रें लावावींत, भाव लिहावे, वेळ लिहावी, रस्ता दाखवावा. अभिप्रायहि मागावा; पण सर्वांपाशीं मागावा, कपाळ पाहून नव्हे, आणि तारे किती हें सांगूं नये. सूट द्यावयाची तर ती सर्वांना द्यावी, स्तुतीला बांधूं नये. कोणी दोष दाखविला तर त्याखालींच सरळ उत्तर लिहावें : टांकी अमुक दिवशीं धुतली, आचारी बदलला, क्षमा असावी. असें एक उत्तर वाचून मी स्वतः जितक्या विश्वासानें जेवावयास जाईन, तितका पन्नास गुलाबजामी ताऱ्यांनीं जाणार नाहीं. आणि आपण सुशिक्षितांनीं काय करावें? भाच्यानें हॉटेल उघडलें म्हणून पुण्यांत बसून नांदेडच्या जेवणाला तारे देऊं नयेत. जेथें जेवलों तेथें काय खाल्लें, केव्हां खाल्लें, काय आवडलें, काय नडलें, एवढें साधेपणानें लिहावें. रागाच्या भरांत एक तारा देण्यापूर्वीं मालकाला एक वाक्य तोंडानें सांगून पाहावें.

हें शेवटलें वाक्य मी पुस्तकांतून शिकलों नाहीं. परभणीच्या त्या भेटीनंतर मीं हॉटेलच्या खात्यावर ८२ रुपये परत पाठविले, पांचांचे दोन तारे केले, आणि वरण, पोळ्या व पेले यांबद्दल जें घडलें तें लिहिलें. दुसऱ्याच दिवशीं मालकाचा फोन आला. प्रथम ते संतापले होते. महिन्याभरानें कोणी असें लिहितें काय, असें म्हणाले. मीं सर्व हकीकत सांगितली. ते जरा थांबले आणि म्हणाले, "सर, तेव्हांच सांगावयाचें होतें. त्या रात्रीं आचारी सुटीवर होता, सकाळचें वरण वाढलें गेलें असेल. आम्हांला कोणी कांहीं सांगतच नाहीं; सगळे पांच स्टार देऊन जातात."

यावर मला उत्तर सुचलें नाहीं. त्यांनीं पुठ्ठा धरला होता, आणि मीं तोंड मिटलें होतें. दोघांनीं मिळून एका तिसऱ्या माणसाला फसविलें होतें. पुठ्ठा केव्हां काढावयाचा हें त्यांनीं ठरवावें. तोंड उघडणें मात्र माझ्या हातांत आहे, आणि प्रिय वाचक, तुमच्याहि.